शकुनबाईच्या हाताखालचा पीळ

या, जरा जवळ सरका. आज सूर्यनारायणाची एक गोष्ट सांगतो, आणि तिच्यासोबत आमच्या आंबागडच्या कवडूच्या बांधीचीही, म्हणजे भातखाचराची.

गेल्या पावसाळ्यात कवडूचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, अर्ध्यावर अडला. लावायची रोपं, म्हणजे परे, पिवळे पडू लागलेले. आणखी थांबलं तर वर्षाचं धान गेलंच. पण रोवणाऱ्या बाया बांधीत उतरेनात. मोबाईलवर बातमी फिरली होती, सूर्यावर स्फोट झाला, वादळ इकडे निघालं. बायांनी ते ग्रहणासारखंच पाळलं. वेध लागले, मग चिखलात पाय घालायचा नाही.

संध्याकाळी देवळात तुलारामबुवांचं कीर्तन होतं. मी टाळ घेऊन पुढेच बसलेला. पूर्वरंग संपताच कवडू उठला.

"बुवा, या बायाईले सांगा ना जी!"

"मले सूर्याची आरती येते बापा, त्याच्या पोटातलं नाही येत," बुवा हसले. "हर्षा, तू साकोलीच्या कॉलेजात हेच शिकून राहिली ना? ये. आजचा उत्तररंग तुझा."

हर्षा कवडूची पुतणी. तिनं अंबाडीचा दोर मागवला, एक टोक काकाच्या हाती दिलं आणि दुसरं पिळू लागली.

"सूर्य म्हणजे तापलेला वायू. कमरेशी जोरात फिरते, डोक्याशी हळू. त्यानं आतल्या चुंबकाच्या रेषाईले असा पीळ बसते."

ती दोन पावलं पुढे सरकली, तसा मधला दोर वेटोळं घेऊन उठला.

"माय वं! सापावानी उठला!" रोवणाऱ्यांची म्होरकी शकुनबाई ओरडली.

"मावशी, वरून दाबा."

शकुनबाईनं तळहात ठेवला. दोर खालून ढुशा देत राहिला, पण उठला नाही.

"सूर्यावरही वरच्या रेषा अशाच दाबून धरतात. धरलं तं पीळ आतच राहते. आता सोडा."

दोर उसळला.

"तवा रेषा तुटतात, दुसरीकडं जुळतात, अन् वायूचा लोट बाहेर पडते. हेच ते वादळ."

"अन् तो आपल्या डोक्शावर पडला तं?" शकुनबाईनं विचारलं.

"पृथ्वीचंही आपलं चुंबक हाय. लोटाचा जोर वरच अडते. उपग्रहाले, रेडिओले तरास होईल. रोवणाऱ्या हाताले नाही."

"मंग येता ना उद्या?" कवडूनं घाईनं विचारलं.

"तुले तुझ्या पऱ्याचीच पडली!" रोवणाऱ्यांतली रत्नाबाई म्हणाली. देऊळ हसलं, बुवांनी गजर धरला.

सकाळी बाया धुऱ्यावर, बांधीच्या कडेला उभ्या, एकमेकींची तोंडं बघत. कवडू परे घेऊन ताटकळलेला. शकुनबाईनं उगवत्या सूर्याला हात जोडले, लुगडं खोचलं आणि एकटीच चिखलात उतरली. थोडा वेळ ती एकटीच वाकून रोवत होती. मग रत्नाबाई उतरली. मग सगळ्याच.

एवढंच मागणं आहे, बाबांनो: ताटात भात आला की, पहिल्या घासाआधी देवासोबत शकुनबाईचीही आठवण करा.