डबी तीच

डॉक्टरीणबाईंनी गुलाबी डबीचं झाकण फिरवलं, आतली क्रीम बोटावर घेतली आणि नाकाशी नेली.

“ही कोल्ड क्रीम आहे?”

“हो,” शिवकन्या म्हणाली. “दुसरं काय बी लावत न्हाई मी.”

तिला सातवा लागला होता. गालांवर नि कपाळावर वांग चौथ्यातच उठलं होतं. पण हल्ली गाल लालबुंद व्हायचे, उन्हात गेलं की मिरची चोळल्यासारखी आग व्हायची, म्हणून सोनपेठहून परभणीला यायचं तिनंच ठरवलं. नवरा महारुद्र शेजारच्या खुर्चीत मोबाइलच्या कव्हराशी चाळा करत बसला होता.

“वांगाला घाबरू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गरोदरपणात हार्मोन्स वाढतात, त्यात ऊन लागलं की डाग गडद होतात. बाळंतपणानंतर बहुतेकींचे फिके पडतात. तोवर तोंड झाकायचं, मी देते ते उन्हाचं मलम लावायचं, बस.” त्यांनी तिचा गाल उजेडाकडं वळवला. “पण ही आग वांगाची नाही. कातडी पातळ पडलीय. गोरं करायच्या स्टेरॉईडच्या क्रीमनं होतं असं. कुणी दिली?”

शिवकन्याला हसूच आलं. सासू बायनाबाईंनी वांगाचं खापर वांग्यावर फोडलं होतं. नावच तसं, म्हणून घरात वांगं शिजायचं बंद. तेव्हा हाच महारुद्र हॉटेलातून भरलं वांगं बांधून आणायचा आणि गच्चीवर नेऊन तिला खाऊ घालायचा. “माय काय बी म्हनती,” तो म्हणायचा. “मला तर तुझ्या तोंडावर काय दिसतच न्हाई.” गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही दिसायचं, याला दिसायचं नाही. त्या एका वाक्याच्या जोरावर तिनं सगळ्यांचे टोमणे गिळले होते.

“डबी हेच आनतात,” ती म्हणाली. “सांगा की हो बाईंना.”

महारुद्रानं मान वर केली नाही.

“डबी तीच हाय,” तो म्हणाला. “आतली बदलली. मेडिकलवाल्या पप्पूनं दिली व्हती. डोहाळजेवन तोंडावर आलंय, सगळे पाव्हने येनार. म्हनलं, तवर जरा उजळ दिसशील.”

डॉक्टरीणबाईंनी झाकण लावलं आणि डबी आपल्या खणात टाकली.

परक्यानं घात केला तर माणूस शिव्या तरी घालतं. शिवकन्याला शिवीसुद्धा सुचेना. चोरून वांगं भरवणारा हात आणि डबी भरणारा हात एकच, हे काही केल्या तिच्या गळी उतरेना. दवाखान्याच्या पायरीवरच तिनं स्कार्फ गुंडाळला. एसटीत महारुद्रानं तिला सावलीकडची जागा धरून दिली. ती बसली.

घरी पोचेस्तोवर दिवस मावळला. तिनं भाकरी थापल्या, ताट वाढलं, तरी स्कार्फ तसाच. नुसते डोळे उघडे.

“अगं, ऊन कवाच गेलं,” महारुद्र हळूच म्हणाला. “सोड की आता तोंड.”

तिनं त्याच्या ताटात भाकरी टाकली.

“असू द्या,” ती म्हणाली. “तुमाला तसं बी काय दिसत न्हाई.”