बाहेर उघडणारं दार

खोक्यांच्या कारखान्याला आग लागली तेव्हा त्याचं एकुलतं दार आत उघडणारं होतं. माणसं दाराकडे धावली, मागच्यांनी पुढच्यांना रेटलं आणि दार ओढायला वीतभरही जागा उरली नाही. एकोणीस जण गेले.

त्यांतल्या तिघांच्या, म्हणजे सुताराच्या, वॉचमनच्या आणि स्वयंपाक्याच्या, बायका वर्षभर गावातली दारं फिरवत होत्या. आत उघडणारं दार उतरवायचं, चौकटीची खाच दुसऱ्या अंगाला कोरायची, बिजागऱ्या तिकडे बसवायच्या. फुकट. शाळा झाली, दवाखाना झाला. आज शिवणखान्याची पाळी होती. माडीवर एकशे दहा बाया आणि दार एकच.

पटाशी चालवायची सुतारीण. कारखान्यातल्या सुताराची बायको. नवऱ्याच्या हाताखाली राबून तिचा हात बसला होता. एक गोष्ट मात्र तिने वर्षभर पोटात ठेवली होती. कारखान्याचं ते दार तिच्याच नवऱ्याने बसवलं होतं.

शिवणखान्याच्या मालकाने हो म्हटलं होतं; आडवा आला तो मुकादम. पूर्वी तो खोक्यांच्या कारखान्यात होता.

"बाहेर उघडलं की जिना चढणाऱ्याच्या नाकावर बसेल. थांबवा हे."

"तुमचं नाक सांभाळून चढा," वॉचमनची बायको म्हणाली.

"मला शिकवता? तिथलं दार कोणी लावलं होतं, विचारा हिला. हिच्याच नवऱ्याने!"

पटाशी थांबली. आता या दोघी आपलं तोंड पाहणार नाहीत, सुतारणीला वाटलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "बाहेर बोळात माल रचलेला असायचा, दार अडायचं. मालक म्हणाले, आत घ्या. आमच्या यांनी घेतलं. दुसरं टोक मी धरलं होतं."

स्वयंपाक्याची बायको, जिला सगळे माई म्हणत, तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"वर्षभर आमच्यासोबत चहा प्यायलीस आणि हे बोलली नाहीस?"

"धीर झाला नाही, माई."

"वेडी आहेस." माईने पदर खोचला आणि उतरवलेल्या दाराला खांदा दिला. "मी धरते. तू चालव हात."

वॉचमनची बायको मुकादमाकडे वळली. "आणि काय हो, तुम्हाला एवढं ठाऊक होतं, तर वर्षभर तसल्याच दारामागे या बायांना कसं बसवलंत?"

मशिनी एकेक करून थांबल्या. एकशे दहा जणी मुकादमाकडे पाहू लागल्या. तो बाजूला झाला.

दुपारी दार बसलं आणि आग लागल्याची तालीम म्हणून घंटा वाजवली. पहिलीच बाई दारावर आदळली, दार धाडकन भिंतीला टेकलं आणि जिना नुसता धडधडत राहिला. सुतारीण अंगणात उभी राहून मोजत होती. शेवटची बाई, सगळ्यांत म्हातारी, चप्पल हातात घेऊन उतरली.

"एकशे दहा!" सुतारीण ओरडली.

"दीड मिनिट," मुकादमाने घड्याळ पाहून कबूल केलं.

"माझ्यामुळे उशीर झाला," म्हातारी धापा टाकत म्हणाली. "परत एकदा करू या!"

अंगणभर हसू फुटलं. परत करायचं तर वर जाऊन कोणीतरी दार लावायला हवं होतं. सुतारीण दोन-दोन पायऱ्या चढत निघाली.