पाईप ओला आहे तोवर

आमच्या तोचिबोरा गावाच्या अग्निशमन दलाला सरावासाठी जिल्ह्याचं निशाण मिळालं, तेव्हा ते द्यायला आलेले साहेब भाषणात म्हणाले की हे दल भर पावसातसुद्धा सराव करतं, याला म्हणतात शिस्त. आम्ही निळे अंगरखे घालून माना खाली घालून उभे होतो. साहेबांना वाटलं, काय नम्र माणसं आहेत. आता दल शहराच्या दलात विलीन होतंय आणि त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण तेव्हा पंपाच्या दांड्यावर असलेल्यांपैकी जिवंत असा मी एकटाच आहे. तर त्या शिस्तीचं आधी सांगून टाकतो.

दल बिनपगारी. कुणी शेतकरी, कुणी कोळसा भाजणारा, मी तोफू विकायचो. घंटा वाजली की हातातलं टाकून धावायचं. घरं लाकडाची, छपरं गवताची, एक पेटलं की अख्खी आळी जाणार. म्हणून आमच्याकडे एखादं घर वाळीत टाकलं तरी दोन गोष्टी तोडत नाहीत, आग आणि मयत. बाकी सगळं बंद. लग्न नाही, लावणीला हात नाही, रस्त्यात भेटलं तर नमस्कार नाही.

लढाई संपल्यानंतरच्या वर्षांत असं घर होतं तोकुजी यागिसावाचं. पलीकडच्या गावाशी आमचा जंगलाच्या हद्दीवरून वाद चालला होता. तोकुजीने कोर्टात खरं ते सांगितलं आणि आमचं गवताचं रान हातचं गेलं. तो खोटं बोलला असं कुणीच म्हणत नव्हतं. विचारल्यावर आठवत नाही म्हणाला असता तर त्याचं काय बिघडलं असतं, एवढंच गावाचं म्हणणं होतं. गावप्रमुख इनाबा-सान यांनी सभा घेतली आणि सगळ्यांचे हात वर गेले. दलाचा नायक हानपेई कुसामा याचाही गेला. तोकुजीची बायको शिगे ही हानपेईची सख्खी बहीण.

दलात मात्र तोकुजी राहिला. पाईपचं नोझल तोच धरायचा. पण आगी काही रोज लागत नाहीत, तेव्हा गावाने त्याच्याशी तोंड उघडायचं ते वर्षाकाठी एखाद्या वेळेस, आणि तेही ‘डावीकडे मार’ एवढंच.

हानपेईची आई नुई आजी. शिगेचं घर तिच्या ओट्यावरून दिसायचं. लेक धुणं वाळत घालते तेही दिसायचं. एकदा जेवताना तिने हानपेईला सांगितलं, "माझ्या मयताला शिगे येईल. त्याला कुणाची हरकत नाही. पण तेव्हा मी काय बोलणार रे तिच्याशी?"

हानपेई मिसोचं सार संपवून उठला. पण पुढच्या सभेत त्याने प्रश्न टाकला की सराव ही आग धरायची की नाही. इनाबा-सान म्हणाले, आग म्हणजे आग. हानपेईने विचारलं, मग तुमचं छप्पर पेटलं त्या दिवशी नोझल कुणाच्या हातात द्यायचं, सराव नसलेल्या माणसाच्या? गावात सगळ्यात मोठं छप्पर इनाबा-सान यांचंच. त्यांनी विचार करायला वेळ घेतला, साके संपली, आणि ठरलं की सराव म्हणजे आगच. मग आग संपली कधी म्हणायची, यावर पुन्हा वाद. आमचा पाईप तागाचा, ओला गुंडाळला तर कुजतो, म्हणून घंटेच्या मनोऱ्यावरून लोंबता सोडून सुकवायचा. तो सुकेपर्यंत काम संपलं असं दल कधीच मानत नव्हतं. म्हणून पाईप ओला आहे तोवर आग, असं ठरलं.

पुढचा सराव हानपेईने पाऊस बघून ठेवला.

बायका बादल्यांच्या रांगेत असायच्या, त्यात शिगे. काम झालं की ती मनोऱ्याखाली आईच्या छत्रीत जाऊन बसायची. मला वाटलं होतं, आता रडारड होणार. कसली रडारड, नुई आजीने तिला मुळ्याच्या लोणच्यात मीठ जास्त टाकतेस म्हणून झापलं. तू कधी खाल्लंस ते, असं शिगेने विचारलं तर आजी म्हणाली, रंगावरून कळतं, ओट्यावरून दिसतो.

बाकीच्यांनीही मग हात धुऊन घेतले. कुणाला तोकुजीकडून करवतीला धार लावून हवी, कुणाच्या वासराचं पोट फुगलंय. तोकुजीच्या शेजारचा कोळसेवाला म्हणाला, "तुझ्याशी दोन शब्द बोलायचे तर आधी भिजावं लागतं लेका." तोकुजी हसला. त्याला हसताना मी कितीतरी दिवसांनी बघितलं आणि मला बरं वाटलं.

पाईप तपासायचं काम इनाबा-सान यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. टोक चिमटीत धरायचे, दाबायचे आणि सांगायचे, सुकला. की सगळी तोंडं बंद. एका बिचाऱ्याचा तोकुजीशी चाललेला डुकराच्या पिल्लाचा सौदा अर्ध्या वाक्यात अडकला आणि पुढच्या पावसापर्यंत पिल्लू दुप्पट झालं. आम्ही पावसाची वाट बघायला लागलो. आमची शिस्त ती हीच.

मग शरद ऋतू आला. आभाळ निळं, हवा कोरडी, आणि नुई आजीने अंथरूण धरलं. श्वास घेताना छाती वाजायची. हानपेईने सकाळीच सराव ठेवला, भर उन्हात. पाईप टांगला आणि शिगे धावतच आईकडे गेली. आम्ही मनोऱ्याखाली थांबलो. डोंगरावरून वारा सुटला होता, पाईप खडखड वाजत होता. ओला पाईप कधी वाजत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आता शिगे उठून घरी गेली तर आईपाशी परत यायची ती मयतालाच. हानपेई पाठमोरा उभा राहून पंपाला तेल देत होता. तेल केव्हाच बाहेर वाहायला लागलं होतं.

दुपारी इनाबा-सान आले. टोक चिमटीत धरलं आणि धरूनच राहिले. कुसामांच्या घराकडे बघितलं. शिगेच्या खडावा दाराशी होत्या.

"ओला आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन टोक दाबलं. भाजलेल्या कागदासारखं लागलं. ओला आहे, मी म्हणालो. माझ्यामागे कोळसेवाल्याने हात लावला, तोही म्हणाला, ओलाच. तोकुजीला कुणी विचारलं नाही. तो खरं बोलला असता.

म्हातारीने सवडीने मरायचं ठरवलं होतं. पाईप पिकल्या पर्सिमन फळांच्या दिवसांत ओला होता, पहिल्या धुक्यात ओला होता. इनाबा-सान रोज येऊन दाबायचे आणि तेच सांगून जायचे. शिगे आईजवळ राहिली. तिच्या घरी जेवण शेजारच्या बायका पोचवायच्या, आग लागलेल्या घरी पोचवतात तसं.

बर्फ पडायच्या आधी नुई आजी गेली. मयताला शिगे होतीच, कुणाची हरकत नव्हती. ती शांत बसून उदबत्त्या लावत होती. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं.

दहन करून आम्ही परतलो ते मनोऱ्याखालून. इनाबा-सान थांबले. त्यांनी पाईपचं टोक हातात घेतलं. उन्हावाऱ्याने तो आता विटला होता.

"सुकला," ते म्हणाले.

 तोकुजीने मान लववली, शिगेला खूण केली आणि दोघं आपल्या घराच्या वाटेला लागली. आता आजी नव्हती, तेव्हा सरावाची घाई कुणालाच नव्हती. हानपेई त्यांच्याकडे बघत उभा राहिला, पण नियमाप्रमाणे त्याला हाकही मारता येत नव्हती.

इनाबा-सान पाईप गुंडाळायला लागले. म्हाताऱ्या माणसाला ते जमत नव्हतं.

"नायक," ते हानपेईला म्हणाले, पण एवढ्या मोठ्याने की वाटेवरच्या दोघांना ऐकू जावं, "उद्या सराव ठेवा. आणि आता पाऊस बघत बसू नका."