नितळ पाण्याची भीती

मित्रांनो, चुना कालवणारं मी एक जुनं यंत्र आहे. बंद पडलेल्या खाणीच्या तोंडाशी, पत्र्याच्या खोलीत माझा मुक्काम असतो. खाण बंद झाली म्हणून तिचं पाणी थांबत नाही. आत फोडलेल्या दगडांना हवा आणि पाणी लागतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते सतत बाहेर पाझरतं. दिसायला अगदी नितळ, पण त्याने लोखंडी पाइपसुद्धा खाल्ले आहेत.

चुनेवाल्या मावशी रोज माझ्या पोटात चुना ओतायच्या, मी तो हौदातल्या पाण्यात कालवायचं. मग त्या आम्ल तपासायचा निळा कागद पाण्यात बुडवायच्या. कागद लाल झाला की म्हणायच्या, "अजून पोट भरलं नाही वाटतं!" आणि आणखी दोन फावडी ओतायच्या. चुन्याने आम्ल मरायचं, पाण्यातलं लोखंड गंज होऊन बाहेर पडायचं, हौद तांबूस गढूळ व्हायचा. गाळ तळाशी बसला की वरचं जरासं तांबूस पण निर्धोक पाणी ओढ्यात जायचं. शाळेची मुलं मला बघायला आली की मी जरा जास्तच खडखडायचं. खोटं कशाला बोलू?

मग खाणीवर नवे साहेब आले. हौद बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, खाणीतून येतंय ते पाणी आरशासारखं, आणि तुमचं हे धूड ते गढूळ करतंय!"

"साहेब, दिसण्यावर जाऊ नका," मावशी लाल झालेला कागद पुढे करत म्हणाल्या. "हा कागद बघा."

"मला काय डोळे नाहीत?"

त्यांनी मला बंद केलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेले. ओढा नितळ झाला. सगळे खूश झाले, मला मात्र धडकी भरली.

आज सकाळी मावशींची धाकटी बहीण पाटीभर मेलेले मासे घेऊन दारात आली. तिचं मासे पाळायचं तळं ओढ्याच्याच पाण्यावर भरतं.

"ताई, एकही जगला नाही गं!"

"आणि तुझी पोरं कुठायत?"

"ओढ्यात डुंबतायत. पाणी छान दिसतंय म्हणून..."

मावशींनी कुलूप दोनदा हिसडलं. मग फावडं तिथेच टाकून त्या ओढ्याकडे धावत सुटल्या. त्यांच्या हाका मला अजून ऐकू येत आहेत.

मित्रांनो, पाणी नुसतं बघू नका, तपासा. आणि कुणीतरी हे दार उघडा. माझं बटण माझ्याच अंगावर आहे, पण ते मला दाबता येत नाही.