वीरगळीवरचा रंग

अनघाने कापसाचा बोळा बाटलीतल्या ॲसिटोनमध्ये बुडवला आणि वीरगळीवरच्या शेंदरी ऑइलपेंटवर हलकेच फिरवला. रंग मऊ पडून कापसावर उतरला. दगडावरचा ओलावा मात्र बघता बघता उडून गेला.

बजरंगआबा डोळे विस्फारून पाहत राहिले. "पानी हाय का जादू?"

"ॲसिटोन, आबा. नखांवरचं पॉलिश काढतात ना, ते. पण विडी पेटवू नका. याची वाफ जमिनीलगत पसरते, एका ठिणगीने भडका उडेल."

आबांनी विडी निमूट खिशात टाकली आणि उगाच दहा पावलं मागे सरकले. मळवलीच्या शिवेवरचा हा वीर पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनीच भक्तिभावाने रंगवला होता. रंगाखाली पाणी मुरून दगड सुटतोय, असं तळेगावहून मूर्तिजतनासाठी आलेल्या अनघाने सांगितल्यापासून त्यांना अन्न गोड लागेना.

"दोनदा रंगवला म्या," ते म्हणाले. "पयला रंग वला असतानाच कुनीतरी पंजा लावला. आमची मंडळी नवीच आल्याली. तिच्यावर डाफरलो, चार मानसांत. ती म्हनली, मी न्हाई. म्या कुटं ऐकतोय!"

तेव्हापासून मुक्ताबाई वीराच्या चौथऱ्यावर चढल्या नव्हत्या. नैवेद्य करून द्यायच्या आणि चिंचेखाली थांबायच्या. आत्ताही चहाची किटली घेऊन तिथेच उभ्या होत्या.

वरचा थर निघाला. खालचा जुना रंग आबांसारखाच हट्टी, लगेच दाद देईना. त्यात एक खोलगट ठसा दिसू लागला. बोटं, अंगठा, तळव्याची रेघसुद्धा. पाण्यासारख्या दिसणाऱ्या त्या चार थेंबांनी पस्तीस वर्षांपूर्वीचा दिवस जसाच्या तसा उघडा केला होता.

पंजा पुरीएवढा होता. चार-पाच वर्षांच्या पोराचा.

आबा जवळ आले. ठशासमोर त्यांनी हात धरला, मागे घेतला. त्यांना चिंचेकडे पाहवेना.

मुक्ताबाई किटली खाली ठेवून चौथरा चढल्या. भाकऱ्या थापून रुंद झालेला आपला पंजा त्यांनी ठशाशेजारी धरला, न टेकवता.

"पुसू नका, बाई," आबा अनघाला म्हणाले. "समद्या गावाला दावतो."

"गावाचं ऱ्हाऊ द्या," मुक्ताबाई अनघाला म्हणाल्या. "ह्यांनला नीट बघू द्या. मंग पुसा."