दोन छोटे, एक लांब

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत यांनी मला एकदाही 'पूनम' म्हणून हाक मारली नाही. तक्रार नाही माझी, आमच्यात असंच असतं. सासरे, भैरूआबा, जन्मभर मेंढरांमागे कोकणापर्यंत हिंडले. मेंढरांना बोलवायला त्यांच्याकडे दहा तऱ्हेचे आवाज होते, पण बायकोला बोलवायचं तर नुसतं खाकरायचे. मुलगा त्यांच्याही पुढे गेला. त्याने मोटरसायकल घेतली.

हे साखर कारखान्यावर कामाला. पाळी संपली की पाटसवरून निघायचे आणि मांडवगण फराट्याला आमच्या वस्तीच्या अलीकडे, विहिरीच्या वळणावर आले की हॉर्न द्यायचे. दोन छोटे, एक लांब. तो माझा. पोरीला, प्रगतीला, एकच छोटा. माझा हॉर्न ऐकला की मी हातातलं टाकून पुढचं दार उघडायची आणि म्हणायची, "आले, आले." जरा उशीर झाला तर अंगणात गाडी उभी करून पुन्हा वाजवायचे आणि कपाळाला आठी घालून म्हणायचे, "कवाचा वाजवतोय!" आमच्या संसारात एवढीच काय ती बोलाचाली.

माघात रस्त्यावर सांडलेल्या उसावरून गाडी घसरली. हेल्मेट होतं, पण ते हँडलला अडकवलेलं. त्या हेल्मेटला साधा ओरखडा नाही. अजून खुंटीला आहे. मी रोज ते बघते आणि रोज शिव्या घालते. हेल्मेटला नव्हे.

दौंडच्या दवाखान्यात अठरा दिवस काढले. तिथली सिस्टर मला म्हणाली, "हाक मारा त्यांना. ओळखीचा आवाज कानावर पडू दे." मी म्हटलं, "अहो." शेजारच्या तीन खाटांशी आणखी तीन बायका "अहो, अहो" करत होत्या. कुणाच्या नवऱ्याने कुणाला ओ द्यावी? शेवटी सिस्टरनेच केसपेपरवरचं नाव वाचलं आणि खणखणीत आवाजात ओरडली, "माऊली! ओ माऊली!" यांनी डोळे उघडले ते तिच्याकडे बघत.

मार डोक्याला होता. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि शब्द गेले. घरी आल्यावर एकेक परत यायला लागले. आधी 'पाणी' आलं. मग 'आये' आलं, तेव्हा सासूबाई ढसाढसा रडल्या. मग प्रगतीचं 'पगू' आलं आणि पोरगी अंगणभर नाचली. मी वाट बघत होते. माझ्या वाटणीला शब्द आला तो 'सिस्टर'.

पाणी हवं, सिस्टर. कूस बदलायची, सिस्टर.

भेटायला माणसांची रीघ लागलेली. बिस्किटांचा पुडा नाहीतर शहाळं खाटेवर ठेवायचं, समोर उभं राहायचं आणि विचारायचं, "वळखलं का मला?" हे सगळ्यांनाच मान डोलवायचे. मग माणसं माझ्याकडे बोट करायची. "आन् ही कोण हाय?"

"सिस्टर."

सगळे हसायचे. मीही हसायची. मग गोठ्यात शेण काढता काढता रडून घ्यायची.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, ओळख आहे की नुसता शब्द चुकतोय, ते आत्ताच सांगता येणार नाही, वेळ द्या. वेळ मी देतच होते हो. मला एवढंच कळायला हवं होतं की मी या माणसाची कोण. घरात कुणी नसलं की एकटं वाटतं असं मी समजत होते. खोटं आहे ते. मी भरवलेला घास हे निमूट गिळायचे आणि परक्या बाईचे उपकार मानावेत तसं डोकं लववायचे. तेव्हा मला जेवढं एकटं वाटलं तेवढं रिकाम्या घरातसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

पुढे माणसं यायची थांबली. बिस्किटं पगूने संपवली. हे चार पायांची काठी धरून ओसरीवर चार पावलं टाकायला लागले. पाळी सुटायच्या वेळेला माझे कान मात्र वळणाकडे लागायचे ते लागायचेच, आणि मला माझाच राग यायचा.

मोडकी गाडी टेंपोतून घरी आली, ती लिंबाखाली उभी करून वर ताडपत्री टाकली. बॅटरी तर कधीच मेलेली. मी लिंबाखालचं झाडणंसुद्धा सोडलं, नको ते बघायला. दीर ज्योतिबा म्हणाले, "वयनी, भंगारात देऊन टाकू. बघितली की डोकं फिरतंय." मी लगेच हो म्हटलं. मंगळवारी दुपारी टेंपो येणार असं ठरलं.

मंगळवारी सकाळी पगू शाळेत होती आणि सासूबाई मेंढरांकडे. मी मक्याचा भारा घेऊन शेताकडून आले तर ओसरीवरची खाट रिकामी. बघते तर हे लिंबाखाली. हँडलवरची ताडपत्री बाजूला सारलेली, काठी शेजारी पडलेली, अंग गाडीवर रेललेलं आणि डावा हात हँडलवर. मी "पडाल की!" म्हणून ओरडणार, तेवढ्यात हॉर्नच्या बटणावरचा अंगठा दिसला.

दाबला, सोडला. दाबला, सोडला. मग दाबून धरला.

आवाज कसला येणार. पण हे पुढच्या बंद दाराकडे बघत थांबले. दार उघडलं नाही. पुन्हा दोनदा दाबून सोडला, पुन्हा दाबून धरला, पुन्हा दाराकडे बघत थांबले.

खाली धुळीत काठीच्या चार पायांचे ठसे होते. आजचे होते, आणि त्यांच्या आजूबाजूला वाऱ्याने बुजत आलेले जुनेही होते, खूप सारे. मी शेतात असताना हा माणूस रोज इथवर येत होता.

मी भारा तिथेच टाकला. गोठ्यामागून पळत मागच्या दाराने घरात शिरले, पदराने तोंड पुसलं आणि पुढचं दार उघडलं.

"आले, आले."

अंगठा बटणावरून निघाला. यांनी माझ्याकडे बघितलं. कपाळाला तीच आठी होती. ओठ बराच वेळ नुसते हलले.

"कवाचा..." हे म्हणाले. पुढचा शब्द काही सापडला नाही.

"व्हय," मी म्हणाले. "लई उशीर झाला मला."