शंभरात किती?

मित्रांनो, वालावलच्या अलीकडे खाडीकाठी एक लहानसं वाचनालय आहे. तिथे खिडकीपाशी टॉवेलाने झाकलेला जुना संगणक दिसेल. तो मी. मी नवा होतो तेव्हा माझ्यासमोर रांग लागायची. मग घरोघरी मोबाईल आले आणि मला कोणी विचारेनासं झालं. ग्रंथपाल भिकाजी तेवढे रोज माझी धूळ पुसत.

एका दुपारी आशा सेविका सुगंधा आली. आदल्या पावसाळ्यात खालच्या वाडीतला सुशांत लेप्टोच्या, म्हणजे उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाने गेला होता. सव्वीस वर्षांचा.

"काका, तापाचे आकडे माझ्याच वहीत होते," ती म्हणाली. "पण माका त्यातला काय एक कळला नाय. संख्याशास्त्राक भिऊन मी कॉलेज सोडलंय."

भिकाजींनी मला सुरू केलं. "ह्यां बघ गो. संख्याशास्त्राचे फुकट धडे आसत. मराठीत आसत, हिंदीत आसत. कळता त्या भाषेत आयक."

पहिल्या दिवशी आलेख दिसताच तिने मला बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मराठीतला एखादा शब्द जड वाटला की ती तोच धडा हिंदीत ऐकायची आणि वहीच्या समासात मालवणीत अर्थ लिहायची. एक वाक्य तिने अकरा वेळा ऐकलं. मी अकरा वेळा ऐकवलं. इथे तिच्यावर हसणारं कोणी नव्हतं.

शेकडेवारीच्या धड्याला तिने मला मध्येच थांबवलं. तिने गेल्या वर्षीची वही उघडली. वरच्या वाडीत चारशे माणसांत बारा तापकरी, खालच्या वाडीत सत्तर माणसांत सात. म्हणजे वर शंभरात तीन आणि खाली शंभरात दहा! बारा हा आकडा मोठा, म्हणून तपासणीचं पथक आधी वर गेलं होतं आणि खाली सुशांतपर्यंत पोचायला उशीर झाला होता. सुगंधा टेबलावर डोकं टेकून रडली.

यंदा भातलावणीनंतर पुन्हा तापाची साथ आली. पथक आधी कुठे पाठवायचं हे ठरवायला आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी वाचनालयातच बैठक घेतली आणि पुन्हा वरच्या वाडीचंच नाव निघालं. सुगंधा उभी राहिली. तिने वही उघडून डॉक्टरांपुढे ठेवली.

"डॉक्टर, ताप किती जणांना आहे एवढंच बघू नका. किती माणसांत आहे, तेही बघा."

पथक आधी खाली गेलं. तिघांचा लेप्टो वेळेत सापडला. तिघेही बरे होऊन घरी आले.

आठवड्याने सुशांतची आई, आनंदीबाई, वाचनालयात आली. "गेल्या वर्षी ह्यां कळला असता तर माझो सुशांत वाचलो असतो?"

"होय, काकी," सुगंधा म्हणाली.

आनंदीबाईने तिची वही हातात घेऊन पाहिली. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "माका पण दाखव."

मित्रांनो, माझा पंखा आता घरघरतो, मी फार दिवस चालायचा नाही. आहे तोवर मला पुसा, सुरू करा. आणि आकडे दिसले म्हणून घाबरून पान उलटू नका. त्यातल्या एकेका आकड्यामागे कुणाच्या तरी घरात आजाऱ्याचं अंथरूण घातलेलं असतं.